रिकाम्या मुठीतली सात बटणं

शिवणकारखान्याच्या इस्त्रीखोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. जेवणाचे डबे तसेच टाकून बायका कापडाच्या गठ्ठ्यांवर चढल्या होत्या. कटिंगच्या टेबलावर महाराज डोळे मिटून बसले होते.

"दोन्ही मुठींत बटणं धर. उजवीतली दुप्पट कर, त्यात डावीतली मिळव. ही देहाची बेरीज! आता डावीतली दुप्पट, त्यात उजवीतली. ही आत्म्याची!"

काज-बटण करणाऱ्या एका बाईने दोन बेरजा सांगितल्या. महाराजांनी ढेकर दिला. "उजवीत चार, डावीत नऊ."

मुठी उघडल्या. चार आणि नऊच! खोलीभर हात जोडले गेले.

गणित शिकवणारी आत्या गर्दीतून वाट काढत वहिनीपाशी पोचली. "किल्ली दे. तुझी पोरगी घरात कोंडलेली, ओकतेय, धापा टाकतेय. खिडकीतून बघून आलेय मी."

"नाही वन्सं. महाराज म्हणालेत, परक्याची सावली पडायची नाही. इन्सुलिनही बंद. ज्यांना मूठ दिसते, त्यांना रक्त दिसणार नाही होय?"

आत्याने वाद घातला नाही. दोन्ही मुठी आवळून ती टेबलापुढे उभी राहिली.

"देहाची एकोणीस. सांगा."

"आत्मा बाकी आहे, बाळ."

"देह दिसत असेल तर आत्म्याचं काय अडलंय?"

कोणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"बरं, आत्म्याची सतरा."

"उजवीत सात, डावीत पाच!"

आत्याने मुठी उघडल्या. दोन्ही रिकाम्या.

"खोटारडी!" महाराज ओरडले.

"हो, खोटं बोलले. पण मूठ दिसत असती, तर तुम्ही फसला नसता." ती बायकांकडे वळली. "एकोणीस नि सतरा, छत्तीस. त्यात प्रत्येक मूठ तीनदा आली, म्हणून तिसरा भाग घ्यायचा. बारा, म्हणजे दोन्ही मुठी मिळून. एकोणिसातून बारा गेले, सात. सतरातून बारा गेले, पाच. दोन अज्ञात संख्या, दोन समीकरणं. माझ्या वर्गातला ढ पोरगाही सोडवतो. फक्त तो पाया पडून घेत नाही."

हशा पिकला. मघाशी हात जोडणाऱ्याच आता महाराजांवर बटणं फेकत होत्या.

"हसू नका," आत्या म्हणाली. "उत्तर तुम्हीच देत होतात. कोणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, हे तुला कशावरून कळलं? आणि ते कळेपर्यंत औषध थांबवू नका."

वहिनीने कमरेची किल्ली काढली. गर्दी लोटत ती घराकडे धावली.

पोरीला उचलून नेलं तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. दवाखान्याच्या बाकावर वहिनीने आत्याचं मनगट धरलं. "वन्सं, वाचेल ना हो?"

हो म्हणणं सोपं होतं. महाराजांनी ढेकर देऊन सांगितलं असतं.

"माहीत नाही," आत्या म्हणाली. "रक्त तपासतायत. डॉक्टर विचारतील, इंजेक्शन कधीपासून बंद आहे. खरं सांग."