फळ्यासमोर कोण बसणार?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, चिडलेला फळा आहे. म्हातारे फळे शांत असतात असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. मी माझी कहाणी सांगतो. मग माझा राग योग्य की अयोग्य, ते तुम्हीच ठरवा.

गोवा राज्य झालं त्या वर्षी माझा जन्म झाला. मोप्याच्या सड्याखाली, म्हणजे पठाराखाली, पेडणे तालुक्यातलं एक लहानसं गाव आहे. तिथल्या मराठी प्राथमिक शाळेसाठी पांडुरंग मेस्त या सुताराने फणसाच्या तीन फळ्या जोडून मला घडवलं. करवंटीचा कोळसा वाटून मला तीन हात काळा रंग दिला. त्या दिवसांत बाहेर माणसं भाषेवरून हमरीतुमरीवर येत होती, कोणी मराठीचा झेंडा घेऊन, कोणी कोकणीचा. माझ्यावर मात्र दोन्हींची अक्षरं तीच होती. 'क' काढला की तो दोघींचाही होता. मला त्या भांडणाचं नवल वाटायचं, पण मला विचारतो कोण?

माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाई म्हणजे प्रभावतीबाई. त्यांचा एक नियम होता. फळ्यावर इतकं मोठं लिहायचं की शेवटच्या रांगेत दाराला टेकून बसलेल्या पोरालाही दिसलं पाहिजे. दर जून महिन्यात पोरं मला अंगणात काढत, पाल्याने घासत, करवंटीच्या कोळशाने पुन्हा काळाभोर करत आणि स्वतः माझ्यापेक्षा काळी होऊन घरी जात. ते माझे सुखाचे दिवस होते. जिल्ह्याचे साहेब एकदा तपासणीला आले आणि "फळा छान ठेवलाय" म्हणाले, ते मी अजून विसरलेलो नाही.

मग पोरं कमी होत गेली. आईबापांना इंग्रजी हवं होतं. चाळीसाची वीस झाली, विसाची नऊ, आणि एका वर्षी तीनच उरली. शाळेला कुलूप लागलं आणि मला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. गुन्हा केलेल्या मुलाला उभं करतात ना, तसं. दोन पावसाळे मी तसाच उभा होतो. शेवटी निवृत्त झालेल्या प्रभावतीबाईंनीच परवानगी काढली, मला टेम्पोत घातलं आणि डिचोलीला, शिरगावच्या रस्त्यावर, आपल्या धाकट्या भावाच्या घरी आणलं. त्या आता तिथेच राहत होत्या.

हा भाऊ म्हणजे सदाशिव. खनिजाचा ट्रक चालवायचा, स्वतःचा. त्याची एकुलती मुलगी विनिता पदवीधर होती आणि घराच्या सोप्यावर, पुढच्या ओसरीत, संध्याकाळी पाचवीच्या मुलांची शिकवणी घ्यायची. मला सोप्याच्या भिंतीला खिळे मारून टांगलं आणि मी पुन्हा कामाला लागलो. विनिताला आत्याचा हात मिळाला होता. ती मोठं लिहायची.

पुढे खाणी बंद झाल्या. लाल धुरळा खाली बसला आणि सदाशिवचा ट्रक माडाखाली उभा राहिला. त्याच सुमारास विनिताची कॉलेजातली एक मैत्रीण व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला गेली. पगार चांगला, मुलं गोड, असं तिने कळवलं. विनिताच्या मनात तेच भरलं. पण तिथल्या शाळा इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागत होत्या. सदाशिवने एक दिवस चहा पिता पिता सांगून टाकलं, ट्रक विकतो आणि तू कोर्स कर. घरात विकण्यासारखं तेवढंच होतं. पैसे चुकीच्या जागी गेले असते तर विनिताला दुसरी संधी नव्हती, हे त्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

तिने दोन ठिकाणी चौकशी केली आणि दोन कागद घरी आले. एक गुळगुळीत, रंगीत, त्यावर विमान आणि हसणारी गोरी मुलगी. शहरातली चकचकीत संस्था, फी नव्वद हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. दुसरा कागद साधी झेरॉक्स. पणजीतले एक निवृत्त प्राध्यापक कृष्णनाथ सर भाड्याच्या खोलीत कोर्स घेत. तोही परदेशातल्या शाळा मानतात असाच. फी अठरा हजार. नोकरीबद्दल एकच ओळ होती: 'नोकरी तुमची तुम्ही शोधायची.'

विनिताचं मन झेरॉक्सकडे होतं. सदाशिवला ते मुळीच पटेना.

"ट्रक एकदाच विकूक गावता," तो म्हणाला. "मगे चेडवाच्या बाबतीत स्वस्तातला कित्याक घेवचा?"

मित्रांनो, मुलीसाठी स्वस्तातलं का घ्यायचं, या वाक्यात किती माया आहे बघा. आणि अशाच मायेवर काही लोक आपली दुकानं थाटतात, म्हणून मी चिडतो.

सदाशिव गावच्या देवळात कौल घ्यायला गेला. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं झालं की देवाला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि उजवी पाकळी आधी पडली की होकार. उजवी पडली. सदाशिव तिथून थेट शहरात गेला आणि चकचकीत संस्थेत ट्रक विकून आलेल्या पैशांतले पंचवीस हजार आगाऊ भरून, सगळ्यांसाठी गरम उंडे पाव घेऊन घरी आला. "देवान उजवो कौल दिलो," एवढंच म्हणाला. विनिताने झेरॉक्सच्या कागदाची घडी घालून तो ठेवून दिला. देवाच्या पुढे ती काय बोलणार?

चार दिवसांनी उरलेल्या रकमेचा चेक न्यायला संस्थेचा माणूस घरी आला. नाव श्रीनाथ. बूट चकाकत होते. शिकवणी चालू होती, माझ्यावर विनिताने अर्धा धडा लिहिला होता आणि पोरं वहीत तो उतरवत होती. या गृहस्थाने पिशवीतून त्या विमानाचं पोस्टर काढलं, चिकटपट्टी लावली आणि थेट माझ्यावर, चालू धड्यावर, चिकटवलं! विचारलं नाही, पुसलं नाही. पंचवीस वर्षांत असा अपमान माझा कोणी केला नव्हता. पोरांच्या पेन्सिली हातातच राहिल्या.

प्रभावतीबाई आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी पोस्टर पाहिलं. कप त्याच्या हातात दिला आणि खडूही पुढे केला.

"तुमी शिकवूचा शिकवतात न्हय? ही पोरां बसली आसत. पाच मिनटां शिकवन दाखवा बघया."

श्रीनाथ हसला. "बाई, मी मार्केटिंगचा. शिकवणारे वेगळे. ते ऑनलाइन असतात."

"बरां. आणि शिकणारे?"

"शिकणारे म्हणजे?"

"आमचा चेडू शिकवूक शिकतला. कोणाक शिकवन?"

त्याने चहाचा कप उचलला. "ट्रेनीच एकमेकांना शिकवतात. एक जण टीचर होतो, बाकीचे मुलं असल्यासारखे बसतात."

"म्हणजे ज्यांका येता, त्यांकाच शिकवतले?"

श्रीनाथ चहा प्यायला लागला. मी त्या पोस्टरखाली गुदमरत होतो, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या बाईंचा इतका अभिमान वाटला की दोन खिळे ढिले झाले असते. नव्वद हजार रुपये घेऊन शिक्षक घडवणार, आणि त्या शिक्षकासमोर शिकणारं एकही माणूस नाही! मी फळा आहे. कोणी समोर बसलं नाही तर मी नुसतं लाकूड असतो. हे मला कळतं, मग त्या संस्थेला कळत नाही असं मी कसं मानू? त्यांना कळत होतं. शिकणारी माणसं आणायला कष्ट पडतात, आणि पोस्टर छापायला पडत नाहीत.

सदाशिव चेकबुक मांडीवर घेऊन बसला होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "पण देवान कौल दिलो मगो."

"गाऱ्हाण्यात काय विचारलंस, सदा?"

"चेडवाचा भायर जावचा योग आसा काय, असा."

"आणि ह्या कोर्साचा नाव घेतलंस?"

सदाशिवने मांडीवरच्या चेकबुकाकडे पाहिलं. "ता विचारूक ना," तो म्हणाला.

"मगे ह्या तुझ्या देवाच्या माथ्यार कित्याक घालतंस?"

त्याने चेकबुक मिटलं. श्रीनाथने पोस्टर ओढून काढलं, आणि चार कोपऱ्यांवर चिकटपट्टीसोबत माझा काळा रंगही उपटून नेला. आत पांडुरंग मेस्ताचं पिवळं फणसाचं लाकूड उघडं पडलं. आगाऊ भरलेले पंचवीस हजार त्यांनी परत दिले नाहीत. फॉर्मच्या मागे तसं छापलेलं आहे म्हणे. विनिताने तो फॉर्म उन्हात धरून वाचला, इतकी ती अक्षरं बारीक होती. मित्रांनो, मी आयुष्यभर मोठी अक्षरं अंगावर वागवली, मागच्या पोराला दिसावीत म्हणून. जो माणूस अक्षर मुद्दाम न दिसण्यासाठी लिहितो त्याला मी काय म्हणू? मला शिव्या येत नाहीत. माझ्यावर कोणी त्या लिहिल्या तर बाई लगेच पुसायच्या.

विनिताने कृष्णनाथ सरांना फोन केला. तिने फीचं विचारलं तर सर म्हणाले, "फी कागदावर आहे ती. तू आधी हे सांग, सरावाचे सहा तास तू कुणाला शिकवणार? इंग्रजी न येणारी खरी माणसं पाहिजेत, मोठी. ती तू आणायची. मी मागे बसून बघणार."

माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. खाणी बंद होऊन घरी बसलेले पाच ड्रायव्हर आले. सरांनी निदान सहा सांगितले होते, एक कमी पडत होता. सदाशिव नाही नाही म्हणत कडेला बसला. त्याचं शिक्षण चौथीपर्यंत. मुलीसमोर विद्यार्थी होऊन बसायची त्याला लाज वाटत होती, ती मला भिंतीवरून स्पष्ट दिसत होती.

सर पणजीहून बसने आले, वही घेऊन मागे बसले. विनिताचा पहिला तास साफ फसला. तिने धडाधड बोलून मला काठोकाठ भरून टाकलं. सर म्हणाले, "वीस मिनिटं तू बोललीस. ही माणसं किती बोलली?" एकही शब्द नाही. विनिता त्या दिवशी रडली. पण पुढच्या तासाला ती कमी बोलली, त्याच्या पुढच्याला त्याहून कमी, आणि ड्रायव्हर बोलू लागले. आपलं नाव, गाव, ट्रक, मुलं, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. सदाशिव तेवढा तोंड उघडेना. खडू पुढे केला की हात मागे घ्यायचा. ज्या हाताने वीस वर्षं घाटातून भरलेला ट्रक उतरवला, तो हात!

सहाव्या तासाच्या दिवशी दुपारी सदाशिव एकटाच सोप्यावर आला. वाटीत करवंटीचा कोळसा वाटून आणला होता. माझ्या चारही जखमा त्याने बोटाने काळ्या केल्या. ती माफी होती, आणि ती माझ्यापुरतीच नव्हती, लेकीसाठीही होती, हे मला कळलं. संध्याकाळी विनिताने खडू पुढे केला तेव्हा तो उठला. डाव्या कोपऱ्यात, नुकत्याच सुकलेल्या रंगावर, त्याने पहिल्यांदा इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. वाकडं, पण मोठं. शेवटच्या रांगेत बसलेल्या सरांना चष्म्याशिवाय वाचता आलं.

विनिताला प्रमाणपत्र मिळालं. व्हिएतनामच्या एका शाळेने संगणकावर मुलाखत घेतली. ती माझ्यासमोरच बसली होती. त्यांनी तिला विचारलं, "शिकायलाच तयार नव्हता असा एखादा विद्यार्थी सांगा. तुम्ही काय केलंत?" विनिताने चोपन्न वर्षांच्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. तो आपला बाप आहे हे सांगितलं नाही. सदाशिव दारामागे उभा होता. इंग्रजी त्याला कळलं नाही. आपलं नाव आलं ते मात्र कळलं, आणि तो डोळे पुसत मागच्या अंगणात निघून गेला.

आता ती तिथे शिकवते. प्रभावतीबाई शिकवणी घेतात आणि रोज मला स्वच्छ पुसतात, डावा कोपरा सोडून.

पण माझा राग गेलेला नाही. ते विमानाचं पोस्टर अजून बसस्टँडवर लागलेलं आहे, आणि रोज कोणीतरी सदाशिव त्याच्यासमोर थांबतो. म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. शिकवायला शिकायला कुठेही जा, महाग असो की स्वस्त, पैसे भरण्याआधी विचारा: इथे फळा कुठे आहे, आणि त्याच्यासमोर कोण बसणार आहे? समोरचा माणूस उत्तर द्यायच्या ऐवजी चहाचा कप उचलू लागला, तर उठा आणि घरी या.