रेणूची रेने

“कोणाची काही हरकत?” जजबाईंनी विचारलं आणि चष्म्यावरून मागच्या बाकांकडे नजर टाकली.

तिथे एकटे गुरुनाथ टिकेकर बसले होते. ॲन आर्बरच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आज त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. पुढे टेबलाशी त्यांची मुलगी रेणू पाठमोरी उभी होती. तीन वर्षं ती याच गावात नोकरी करत होती आणि तीन वर्षांत ती त्यांना एकदाच, बसच्या खिडकीतून दिसली होती.

नाव बदलण्याची नोटीस त्यांनी गावच्या पेपरात वाचली. रेणू गुरुनाथ टिकेकर यापुढे रेने विनीता होणार होती. बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं आणि त्या जागी आईचं नाव आलं.

मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ते नावांचे कोश काढून बसले. रेने हे नाव फ्रेंच, मूळ लॅटिन. अर्थ, पुन्हा जन्मलेली. बाप्तिस्मा झाला की माणसाचा नवा जन्म होतो, म्हणून जुने ख्रिस्ती लोक ते ठेवायचे. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये गल्लोगल्ली रेने होत्या. अमेरिकेत साठच्या दशकात ते नाव फार चाललं, मग मागे पडलं. हरकत घ्यायला काहीतरी सापडेल म्हणून ते शोधत होते. सापडलं नाही.

घराला ते नाव नवं नव्हतंच. पहिलीत बाईंनी हजेरीपटावर रेणूचं रेने केलं, तेव्हा गुरुनाथ तावातावानं शाळेत जाऊन ते खोडून आले होते. विनीता हसली होती. “दोन नावं असली तर बिघडलं कुठे?” असं म्हणून तिनं लेकीच्या डब्यावर रेने असंच लिहिलं. ते घरात नसले की मायलेकींचं हेच नाव चालायचं.

विनीताच्या कॅन्सरवर दीड वर्ष उपचार चालले. २००३च्या जुलैत तब्येत एकदम ढासळली, तेव्हा रेणू शिकागोत वकिलीच्या परीक्षेला बसणार होती. फोनवर ती विचारायची, “आई कशी आहे? मी येऊ?” गुरुनाथ सांगायचे, “झोपलीय. तू अभ्यास कर.” ऑक्सिजनच्या मास्कमधून विनीता विचारायची, “रेणूला कळवलंत?” ते म्हणायचे, “कळवलंय. परीक्षा झाली की येते म्हणाली.” तिनं मान हलवली आणि त्यानंतर विचारणं सोडलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती गेली. तेही त्यांनी पेपर होईपर्यंत सांगितलं नाही. मग एका नर्सनं रेणूला सहज म्हटलं, तुम्हाला येणं जमलं नाही याचं आईनं वाईट वाटून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून रेणू त्यांच्याशी बोलली नव्हती.

जजबाई अजून वाट पाहत होत्या. गुरुनाथ उभे राहिले. रेणूनं मागे वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

“हरकत नाही,” ते इंग्रजीत म्हणाले. “फक्त स्पेलिंग चुकलंय. रेनेमधल्या दुसऱ्या ‘ई’वर एक तिरपी रेघ हवी. नोटिशीत ती राहिली आहे.”

जजबाईंनी कागद उलटून पाहिला. “खरंय. माझ्या वर्गात तीन रेने होत्या. रेघ मात्र त्यातली एकच देत असे. हल्ली हे नाव ऐकूच येत नाही.” त्यांनी पेनानं दुरुस्ती केली. “आपण कोण?”

गुरुनाथांनी रेणूच्या पाठीकडे पाहिलं. ती हातातल्या फाइलचा कोपरा दुमडत होती.

“मी लायब्ररीत काम करतो,” ते म्हणाले.

आदेशावर सही झाली. बाहेर कॉरिडॉरमध्ये प्रती मिळेपर्यंत थांबायचं होतं. लांबलचक बाक एकच होता. त्याच्या एका टोकाला गुरुनाथ बसले, दुसऱ्या टोकाला रेणू.

“रेणू,” ते म्हणाले, “मला वाटलं होतं, तुझं वर्ष जाऊ नये.”

“आय नो व्हॉट यू थॉट, बाबा.” तिचा आवाज चढला नाही. “आईला वाटलं, मी परीक्षा निवडली. दॅट्स हाऊ शी वेंट. मी रोज तिला सांगते, मला माहीत नव्हतं. ती कुठे ऐकतेय?”

“मी काय करू आता?”

“नथिंग. देअर इज नथिंग. आणि प्लीज, ऑफिसवर येऊ नकोस.”

त्यांनी मान डोलावली.

समोर कचेरीच्या खिडकीतली कारकून मुलगी प्रती जुळवत होती. मग वर न पाहता तिनं हाक मारली, “विनीता?”

गुरुनाथ चटकन उठले. दीड वर्ष हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये या हाकेसरशी ते असेच उठत आले होते, एका हातात फाइल, दुसरा हात तिला आधाराला पुढे केलेला. तो हात तसाच राहिला.

रेणू त्यांच्या समोरून गेली आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, “दॅट्स मी.”