उठताना पडली ती

साहेब, माझी वैनी गौरम्मा दारू पिऊन कामावर आली, असं हजेरीपटावर लिहिलंय. खाली सही तुमची. हे धडधडीत खोटं आहे.

यंदा लातूर जिल्हा झाला, पण पाऊस झाला नाही. निलंग्याकडच्या आमच्या गावात वैनी दुष्काळी कामावर खडी फोडायची. तुमच्याच लोकांनी नव्या जिल्ह्याच्या नावानं तपासणीचा मंडप टाकला, तिचा बीपी मोजला अन् गोळ्यांची पुडी हातात दिली. "सकाळी एक घ्या. चला, पुढचा."

एवढंच.

वैनीनं गोळीलाही देवाचा नेम लावला. इष्टलिंगाची पूजा होईस्तोवर पाणी वर्ज्य. मग पादोदकाच्या, लिंगावरच्या तीर्थाच्या, एका घोटाबरोबर गोळी. घागरीतलं पाणी लेकरांना. तशीच दुपारपर्यंत उन्हात बसून खडी फोडायची अन् हजेरीची शिट्टी वाजली की झटक्यात उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी उभी राहिली ती आडवीच झाली.

"काय गौरम्मा, सकाळीच टाकली का?" मुकादम व्यंकटराव हसला.

"गळ्यात लिंग हाय माझ्या, दारूला शिवत न्हाई आम्ही. तोंड हुंगा की!"

हुंगलं नाही, लिहिलं. नाव कापलं. आता टँकरपाशी बाया तिला बघून पदर नाकाला लावतात.

मी तिला दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं बसवून बीपी मोजला, एकशे चाळीस. उभी करून मोजला, नव्वद. वैनीनं टेबल धरलं.

"उभं राहिलं की रक्त पायाकडं उतरतं," तो म्हणाला. "मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळून घेतात, म्हणून ते डोक्यापर्यंत पोचतं. ही गोळी ते आवळणंच ढिलं करती. त्यात अंगात पाणी न्हाई. पडंल न्हाई तर काय! पाणी प्या, हळू उठा, सांगितलं न्हाई कुणी?"

"मला वाटलं, पूजेतच काही चुकलं," वैनी म्हणाली.

त्यानं दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले, सही मात्र केली नाही. "माझं नाव घेऊ नका दादा, गडचिरोलीला धाडतील."

मी सातवी नापास. मला एका खेपेत कळलं. कागद जोडलाय. तो शेरा साऱ्या बायांसमोर वाचून खोडा, वैनीला कामावर घ्या. अन् मला लेखी कळवा: "हळू उठा" एवढं सांगायचं काम कुणाचं होतं?