चालती टेकडी

याकूबने माणगंगेच्या कोरड्या पात्रात एक काटकी रोवली आणि तो बाजूला सरला. वारा होताच. काटकीच्या आडोशाला वाळूचे कण येऊन थबकू लागले.

"आशी सुरवात हुती, वैनी. तिकडं समुद्राचा वारा वाळू उचलून आणतो. गवताचं बेट आडवं आलं की ती थितं टेकती. मग वर मर्यादवेल पसरती. धा-पाच वर्सात टेकडी हुती, माणसापरीस उंच."

वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून शालूबाई करवंटीने पाणी काढत होती. तिचा नवरा अर्जुना आणि याकूब एकाच पलटणीतले. एकाहत्तरच्या लढाईत अर्जुना कच्छच्या किनाऱ्यावर पडला. तिथेच, वाळूच्या टेकडीमागे, त्याला अग्नी दिला. जागेवर काळा दगड ठेवलाय, असे याकूबने कळवले होते. पुढे दर दिवाळीच्या पत्रात एक ओळ ठरलेली: दगड जागेवर आहे. यंदा पेन्शनीत निघाल्यावर तो पुन्हा तिकडे गेला, आणि परतताना कुपवाडला स्वतःच्या घरी न जाता आधी म्हसवडला, शालूबाईच्या गावी, उतरला.

"मग दगुड?" शालूबाईने विचारले.

याकूब तळव्याची वाळू पुसत राहिला.

"टेकडी चालती, वैनी. वारा वाळू माथ्यावर चढवतो, पल्याड घसरवतो. सात वर्सात लय आत सरकली. आपली जागा तिच्या पोटात गेली. तीन दिस हिंडलो. आन खरं सांगतो, दगुड मी ठिवलाच नव्हता. वर दुश्मनाची इमानं आली, हुकूम झाला, आमी निघालो. औंदा जाताना इथनं काळा दगुड घिऊन गेल्तो. म्हणलं, आता तरी ठिवावा."

करवंटी थांबली नाही.

"ठावं हाय मला. आमच्या गावचा बिराप्पा लढाईत तिकडंच हुता. म्हणला, त्या किनाऱ्याला कोसभर दगुड घावत न्हाई."

"मग कवा बोलला न्हाईत, वैनी?"

"वर्साला पत्रात त्यांची एक वळ यायची. ती बी थांबली असती."

उन्हात पात्र थरथरत होते. लांबची वाळू वितळून पाणी झाल्यासारखी लकाकत होती. शालूबाई कितीतरी वेळ तिकडे बघत राहिली.

"टेकडीवरनं समुद्र दिसतो?"

"व्हय. लांबवर."

"मी बघितला न्हाई कवा."

याकूबने रोवलेली काटकी उपटली.

"पुण्याची यस्टी सकाळी सातला हाय. थितनं म्होरं कच्छला रेल्वे," तो म्हणाला.

तिने भरलेली घागर डोक्यावर घेतली, तोल सावरला आणि चढ चढू लागली.

"किती दिसांच्या भाकरी बांधू?" वळून न बघताच तिने विचारले.