जेवढं बोलली तेवढंच

विश्वजीतने मशीनवरून नुकताच उतरलेला पितळी जॉब, पंपाचा एक सुटा भाग, चिंधीने पुसला आणि लानच्या तळहातावर ठेवला. लानने तो उजेडात धरला, कडेवरून नख फिरवलं आणि मान डोलावली. मग इंग्रजीत विचारलं, पहिला माल कधी मिळेल?

दुभाषी म्हणून सोबत आलेल्या संध्याने प्रश्न मराठीत सांगितला. विश्वजीतने मान खाजवली.

"ताई, खरं सांगू का? महिनाभर तरी उशीर होईल. मशीन एकच आहे आन् जुन्या गिऱ्हाइकाला मी मागं टाकणार नाय."

संध्या लानकडे वळली आणि बोलू लागली. वाळूज औद्योगिक वसाहतीतली ही मंडळी किती मेहनती आहेत, विश्वजीतने हे वर्कशॉप कसं शून्यातून उभं केलं, वेळेचं थोडंफार पुढेमागे होईल पण दर्जाची काळजीच नको, असं बरंच काही. लानने एकदा विश्वजीतकडे पाहिलं, एकदा संध्याकडे, आणि जॉब त्याच्या हातात परत दिला.

गोड करून सांगणं हा संध्याचा जुना रोग. त्यात तिचा फायदा असतोच असं नाही. समोरच्याचा चेहरा पडलेला तिला बघवत नाही, एवढंच. शाळेत असताना मैत्रिणींचे निकालसुद्धा ती त्यांच्या घरी असे सांगायची की नापास झालेल्या पोरीच्या हातावर आई पेढा ठेवायची.

पण या खेपेला तिला स्वतःसाठीच गोड बोलायचं होतं. लान व्हिएतनामची, पन्नाशी ओलांडलेली, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीची मालकीण. भारतातून माल घ्यायचा तिचा विचार होता. ते काम बघायला छत्रपती संभाजीनगरात कायमचं माणूस ठेवावं का, हे ठरवायला ती आली होती. ठेवलंच तर ते माणूस म्हणजे संध्या. म्हणजे बजाजनगरचं घर, आईच्या हातचं जेवण, ओळखीचे रस्ते. नाहीतर पुन्हा बॅग आणि पुन्हा परक्या गावातली भाड्याची खोली. सोमवारी विमानात बसण्याआधी सांगते, असं लान म्हणाली होती. संध्या इतकी थकली होती की नकाराचा विचारही तिला नको वाटायचा.

आणि हा थकवा कशाचा, ते तिच्या आईला, चंपाबाईंना, ठाऊकच नव्हतं. चंपाबाईंच्या लेखी लेक थायलंडात होती, पहिल्यापासून होती त्याच गाड्यांच्या कंपनीत. ती नोकरी मार्चमध्येच गेली होती. त्यानंतर संध्याने मलेशियात पेनांगला एका गोदामात काम धरलं, तिथल्या साहेबाच्या आरडाओरड्याला कंटाळून सोडलं, आणि मग लानकडे व्हिएतनामला लागली. प्रत्येक ठिकाणी नवा व्हिसा, नवी खोली, नवी भाषा. फोनवर मात्र एकच पालुपद, "मस्त चाललंय, आई." पलीकडूनही ठरलेलं उत्तर यायचं, "मीबी मजेत. तू आपलं बघ."

कहर झाला तो धाकटी मावशी आणि काका सहलीच्या गटाबरोबर थायलंडला आले तेव्हा. संध्याने पेनांगहून रजा काढली, विमानाने बँकॉक गाठलं आणि मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये त्यांना 'हे माझं घर' म्हणून चहाला बोलावलं. काकांनी अजून चमचाभर साखर मागितली, तर स्वतःच्याच स्वयंपाकघरात तिला साखर सापडेना. मावशीने परत जाऊन बहिणीला सांगितलं, पोरीचं घर झकास आहे पण तिचं घरात लक्ष नाही.

रविवारी सकाळी चंपाबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी इस्त्री करून लानपुढे धरली. विहारात वंदनेला जायचं होतं. लान ही थायलंडच्या कंपनीतलीच साहेबीण, असं संध्याने आईला सांगितलं होतं. बुद्धाच्या देशातून बाई येतेय, ती चार शब्द सांगेल, वंदना घेईल, असं त्यांनी आठवडाभर आधीच कॉलनीत जाहीर करून टाकलं होतं. हे संध्याला आत्ता कळत होतं. ती धार्मिक नाहीये गं, असं सरळ सांगायचं सोडून ती म्हणाली, लान दमलीय. चंपाबाईंचं म्हणणं पडलं की चार शब्दांना असा काय दम लागतो.

लानने हसतमुखाने साडी नेसवून घेतली. मग आरशात पाहत हलकेच विचारलं,

"कोण वारलं?"

तिच्याकडे पांढरं वस्त्र नेसतात ते घरात कुणी गेलं तर. संध्याने घाईघाईने तिला समजावलं की इथल्या बौद्धांत हा मंगल कार्याचा रंग आहे. चंपाबाई निऱ्या नीट करत होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणली?"

"साडी आवडली म्हणते."

विहार भरला होता. पुढच्या रांगांत सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत, मागे पुरुष, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या लागलेल्या. विहार समितीचे रामकिसन काका कंपनीतून निवृत्त झालेले. बोलायला उभे राहिले की कारखान्याच्या गेटवरच्या युनियन सभेची सवय त्यांच्या आवाजात उतरायची. त्यांनी पाहुणीचं स्वागत केलं, पुष्पगुच्छ दिला, आणि आपण धम्म परत मिळवलेली माणसं, या पिढ्यान्‌पिढ्या धम्मात वाढलेल्या, तेव्हा ताईंनी आपल्याला मार्गदर्शन करावं, अशी विनंती केली. संध्याने ती लानच्या कानात सांगितली. लानच्या भुवया वर गेल्या. पण ती उठली, पदर सांभाळत पुढे गेली आणि माईकजवळ उभी राहिली. संध्या तिच्या शेजारी.

"मला प्रार्थना येत नाही," लान इंग्रजीत म्हणाली. "आमच्या घरी आजोबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावतात, तीही मी घाईघाईत लावते. तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. माफ करा."

सगळा विहार संध्याच्या तोंडाकडे पाहू लागला. पहिल्या रांगेत आई होती. आईने शेजारच्या बाईचा हात धरला होता, परीक्षेचा निकाल लागताना धरतात तसा. संध्याने घसा साफ केला.

"ताई म्हणतात, या भूमीत पाऊल ठेवून मी धन्य झाले. आमच्या देशातही घरोघरी धूप जळतो, पण इथली श्रद्धा बघून मीच तुमच्याकडून शिकले. तुमचं प्रेम मी माझ्या देशात घेऊन जाईन. तुमच्या लेकरांना, तुमच्या या विहाराला..."

टाळ्या सुरू झाल्या. रामकिसन काकांनी तर डोळ्यांना रुमाल लावला. टाळ्या थांबता थांबता चंपाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या,

"संध्ये, ती एवढं बोलली नाय."

आवाज चढलेला नव्हता. तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. संध्याने हसण्याचा प्रयत्न केला. लान तिच्याकडे बघत होती, काल वर्कशॉपमध्ये बघितलं होतं तसंच, वाट पाहत. संध्याला एकाएकी वाटलं, आपण दोन बायांच्या मधली खिडकी आहोत आणि आपणच पडदा ओढून बसलोय.

"व्हय, आई," ती म्हणाली. आणि मग लानची वाक्यं तिने एकामागून एक सांगितली. प्रार्थना येत नाही. उदबत्ती घाईघाईत. शिकवण्यासारखं काही नाही. माफ करा.

कुणी खोकलं. मागे कुजबुज झाली. रामकिसन काका पुष्पगुच्छ परत घ्यावा की काय अशा चेहऱ्याने उभे होते. चंपाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, पुढे आल्या आणि लानच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"मंग त्यात माफी कशाची?" त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "छप्पन साली माझा बाप पाचोडहून नागपूरला गेला व्हता. त्या लाखो मान्सांत कुनाला काय येत व्हतं? बाबासाहेब म्हणत गेले, लोक मागं म्हणत गेले. न येणाऱ्यांनीच तर सुरुवात केली ना?"

त्यांनी लानचे दोन्ही हात धरून जोडले आणि स्वतःचे जोडले. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, बुद्धं सरणं गच्छामि. लान त्यांच्या ओठांकडे पाहत मागे म्हणाली. शब्द वाकडेतिकडे झाले. एका बाईला हसू आलं, लानलाही आलं. दुसऱ्या वेळेस बरं जमलं. तिसऱ्या वेळेस अख्खा विहार तिच्याबरोबर म्हणत होता, आणि संध्याला मधे काहीच करायचं उरलं नव्हतं.

बाहेर ओट्यावर चहा झाला. माणसं पांगली. तिघी पायरीवर बसल्या, लान साडीचा घोळ गुडघ्यांत दाबून.

"काल तो कारखानदार थोडंच बोलला होता," लान म्हणाली. "तू खूप बोललीस. तो काय म्हणाला होता?"

संध्याने सांगितलं. महिनाभर उशीर, मशीन एकच, जुन्या गिऱ्हाइकाला तो मागे टाकणार नाही.

"उशीर मला परवडतो," लान म्हणाली. "तो उशिरा कळणं परवडत नाही. हे काम मी दिलं तर मला हजारो मैलांवरून तुझ्याच शब्दांवर विसंबावं लागेल."

काम गेलं, असं संध्याने मनात धरलंच.

"काय म्हणती?" चंपाबाईंनी विचारलं.

"मी खोटं गोड बोलते म्हणते. खरंय तिचं." ती आईकडे वळली. "आई, थायलंडची नोकरी मार्चमध्येच गेली. मधे मलेशियात होते. आता हिच्याकडे आहे, व्हिएतनामला. मावशीला दाखवलं ते घर माझं नव्हतं."

चंपाबाईंनी पदराच्या टोकाने कपाळ पुसलं.

"मार्चपास्नं," त्या म्हणाल्या. "आन् मी समद्या कॉलनीला थायलंड थायलंड सांगत फिरते." त्यांनी लेकीचं मनगट धरलं. "रडत असशील तव्हाबी हसून बोलली असशील."

लानला शब्द कळले नव्हते, पण तिने विचारलंही नाही. ती संध्याला म्हणाली,

"तुझ्या आईला माझा एक प्रश्न आहे. जसाच्या तसा विचार. मी हिला इकडे पाठवावं का? ही म्हणते, आई मजेत आहे, तिला काही फरक पडत नाही."

संध्याने विचारला, जसाच्या तसा. आईचं उत्तर तिला पाठ होतं. मी मजेत, पोरीचं जिथं बरं होईल तिथं. पण चंपाबाई तसं बोलल्या नाहीत. त्यांनी लानकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि पुन्हा लानकडे वळून बोलू लागल्या, जणू सांगायला लान सोपी होती.

"कंपनीच्या कँटीनला मी अख्ख्या शिफ्टच्या पोळ्या लाटल्या. हात थकला नाय कधी. आता एकटीपुरतं पीठ मळायला घेतलं का हात चालत नाय. चहा-बिस्किटावर झोपते कितींदा. मजेत बिजेत काय नाय. लई जड जातं. पाठवा तिला."

एवढ्या वर्षांत हे संध्याने एकदाही ऐकलं नव्हतं. लान वाट पाहत होती. सांगताना दोनदा थांबावं लागलं, पण संध्याने पोळ्या सांगितल्या, पीठ सांगितलं, चहा-बिस्किट सांगितलं, लई जड जातं हेही सांगितलं. वर एक शब्द घातला नाही आणि एक गाळलाही नाही.

लानने समोरच्या रस्त्यावरच्या दुकानांवरून नजर फिरवली. मग एक छोटंसं वाक्य बोलली.

"काय म्हणती?" चंपाबाईंनी विचारलं.

"विचारतेय, इथं ऑफिसला एखादी खोली भाड्यानं मिळेल का."

चंपाबाईंनी डोळे पुसले आणि नीट विचार केला.

"खरं सांग तिला," त्या म्हणाल्या. "महाग पडंल. पण मिळंल."

संध्याने दोन्ही वाक्यं सांगितली.