पाव फेरा

किल्ली कशी फिरवायची हे मला शिकवणारं माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच भेटलं. एकोणतीस वर्षं मी कुलपं दुरुस्त करतोय, किल्ल्या बनवतोय. आणि दातांच्या दवाखान्यातली ती विशीतली मदतनीस मला टाचणीएवढी किल्ली दाखवून सांगत होती, "काका, भोकात घालायची, बाणाच्या दिशेने पुढचं भोक दिसेपर्यंत ढकलायची आणि तशीच सरळ बाहेर काढायची." मी मान डोलावली. कानात किती शिरलं, ते विचारू नका.

किल्ली होती माझ्या मुलीच्या प्लेटची. मुलगी दहा वर्षांची, घरात तिला सगळे खारू म्हणतात. तिचा वरचा जबडा अरुंद, दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. डॉक्टरबाईंनी टाळूला बसणारी जांभळी प्लेट बनवून दिली, काढता-घालता येणारी. तिच्या मधोमध फट आणि फटीत बारीक स्क्रू. दर रविवारी स्क्रूला पाव फेरा दिला की फट किंचित रुंदावते आणि प्लेट जबड्याला हळूहळू बाहेर रेटते. "या वयात हाड ऐकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणखी दोन-तीन वर्षांनी नाही ऐकणार. त्यामुळे आळस नको."

खारूने आळस केला नाही. प्लेट घालून ती इतकं बोबडं बोलायची की मी तिला चार दिवस फोनवर कुणाशी बोलूच दिलं नाही, नुसता चिडवत राहिलो. तीही हसायची. जेवताना प्लेट काढून डबीत ठेवायची, जेवण झालं की मऊ ब्रशने गार पाण्यात घासायची. एकदा तिच्या आईने प्लेट गरम पाण्यात बुडवायला घेतली तर ही किंचाळलीच, "आई, वाकेल ना ती!" रविवारी सकाळी प्लेट स्वच्छ पुसून माझ्यासमोर आणून ठेवायची. मी चष्मा लावून किल्ली घालायचो, फिरवायचो, काढायचो. दोन सेकंदांचं काम.

दोन महिन्यांनी आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी प्लेट उजेडात धरली, फट मोजली, पुन्हा मोजली.

"ही उघडलेलीच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"स्क्रू पहिल्या दिवशी होता तिथेच आहे. एकही फेरा नाही."

मला कुणीतरी तोंडावर गार पाणी मारल्यासारखं झालं. "अहो, दर रविवारी मी स्वतःच्या हाताने फिरवतो!"

डॉक्टरबाई खारूकडे वळल्या. "फिरवल्यावर दोन दिवस घट्ट वाटायची का गं?"

"नाही," खारू म्हणाली.

"मग एक तर फिरवली जात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाहीतर नंतर कुणीतरी मागे फिरवतंय."

माझा हात चुकणं शक्य नव्हतं. मग उरलं कोण? घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. "शाळेत चिडवतात म्हणून करतेस का? दुखतं म्हणून? खरं सांग."

"मी नाही केलं, बाबा."

"मग काय भुतं येतात घरात?"

"ती नाही म्हणतेय ना," तिची आई म्हणाली.

मी तिलाही गप्प केलं. दुसऱ्या दिवशी ती टीचभर किल्ली मी दुकानात नेली आणि गल्ल्याखालच्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवली. रविवारी घरी आणायची, फिरवायची, परत न्यायची. चार आठवडे हा बंदोबस्त चालला. पुढच्या तपासणीच्या आदल्या रविवारी म्हटलं, आपणच बघू. दुकानातलं भिंग आणून फटीवर धरलं.

फट जशीच्या तशी होती.

मी मटकन खुर्चीत बसलो. किल्ली माझ्या पेटीत, पेटी माझ्या कुलपात, आणि स्क्रू मागे? मग एकदम डोक्यात आलं. ही पोरगी सुट्टीत माझ्याजवळ बसून कानस चालवायला शिकली आहे. गेल्या वर्षी तिने सायकलच्या कुलपाची किल्ली एकटीने बनवली, तेव्हा मी ती गिऱ्हाइकांना दाखवत सुटलो होतो. हिने डुप्लिकेट बनवली!

मी तिचं दप्तर उपडं केलं. कंपासपेटीत एक तार सापडली, टोकाला वाकवलेली.

"हे काय आहे?"

"प्लेटच्या हुकात अडकलेलं काढते त्याने. कणभर सुद्धा राहिलं तर वास येतो ना."

"खोटं बोलू नकोस."

"नाही बोलत."

मी विचारत राहिलो. त्या दिवशी जेवताना विचारलं, जेवण झाल्यावर विचारलं. सोमवारी शाळेतून आल्या आल्या विचारलं. आवाज चढवला, मग गोड बोललो, मग पुन्हा चढवला. हात नाही उगारला, एवढंच काय ते पुण्य. मंगळवारी ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हो. मीच फिरवली."

"त्या तारेने?"

"हो."

मला धक्का बसला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझा हात चुकला नव्हता. "एवढंच आधी बोलली असतीस तर?" असं म्हणून मी तिच्या डोक्यावरून हातही फिरवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

बुधवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसायच्या आधीच मी जाहीर केलं, "सापडला चोर! कबूल केलंय तिने." आणि तार टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी तार उचलली, प्लेट हातात घेतली आणि तारेचं टोक स्क्रूच्या भोकाला लावलं. मग माझ्यापुढे धरलं. "ही जातच नाही यात. दुप्पट जाड आहे."

मी स्वतः लावून पाहिली. नव्हती जात. जन्मभर भोक आणि किल्ली यांचंच माप घेत आलेला मी, आणि ती तार त्या भोकात जाते का एवढं बघायचंही मला सुचलं नव्हतं.

"किल्ली आणलीय ना? एकदा मला फिरवून दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दाखवली. घातली, फिरवली, काढली.

मदतनीस टेबलाजवळ आली. तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "परत करा, काका. सावकाश."

परत केलं.

"मागे का आणलीत?"

"कुठे आणली?"

"आत्ता. पुढे ढकललीत, भोक दिसलं, आणि काढायच्या आधी होती तिथे आणलीत."

"छे, काहीतरीच!" मी म्हणालो. तिसऱ्यांदा घातली आणि या वेळी दुसऱ्याच कुणाचा असावा तसा स्वतःचा हात बघत राहिलो. बोटांनी किल्ली पुढे नेली. नवं भोक वर आलं. आणि मग, मी काही न सांगता, बोटांनी ती अलगद मागे आणली आणि मगच बाहेर काढली.

कुलपात किल्ली जिथे शिरते तिथेच बाहेर निघते. फिरवायची, उघडलं की जागेवर आणायची, मग ओढायची. दिवसातून शंभर वेळा, एकोणतीस वर्षं. तीन महिन्यांचे सगळे रविवार मी स्वतःच उघडले होते आणि स्वतःच बंद केले होते.

डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "तीनच महिने गेलेत, भरून काढू." पण मला दातांचं काही ऐकू येत नव्हतं. मी खारूकडे पाहिलं. ती खुर्चीत पाय हलवत बसली होती. आश्चर्य सगळ्यांच्या तोंडावर होतं, तिच्या एकटीच्या नव्हतं.

"खारू, तू काही केलंच नव्हतंस."

"नाही."

"मग हो का म्हणालीस?"

तिने जरा विचार केला. रागावून नाही, हिशेबाचं गणित सांगावं तसं म्हणाली, "नाही म्हटलं की तुम्ही परत विचारायचात. हो म्हटल्यावर थांबलात."

बायकोने तोंड भिंतीकडे वळवलं. मी काहीतरी म्हणालो, चुकलं म्हणालो बहुतेक. खारूच्या खुर्चीपाशी खाली बसलो आणि ती किल्ली तळहातावर ठेवून तिच्यासमोर धरली. "आजपासून तू फिरव. तुझ्याकडेच राहू दे."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको बाबा," ती म्हणाली. "परत काही झालं तर?"