लाल बटण

सिंदेवाहीहून पोलीस येऊन गावात सायबर जनजागृतीचा कार्यक्रम झाला, तेव्हा गिरजाबाई पहिल्या रांगेत बसली होती. घरी येऊन तिनं नवऱ्याची शिकवणीच घेतली.

"नाव नाई दिसलं का लाल बटन. तुमच्या मानसावर संकट हाय म्हनतीन, भेव दाखवतीन. ऐकाचंच नाई."

सोमाजी हसला. "तुह्या बापाचा फोन आला तरी?"

"तो मेला हाय. त्याचा तं उचलूच नोका."

आज उजाडताच सोमाजी मोहफुलं वेचायला नाल्यापलीकडं गेला. गिरजाबाईचा गुडघा सुजलेला, म्हणून ती अंगणात कालची फुलं वाळत घालत होती. फोन वाजला. नाव नव्हतं.

"गिरजाबाई, मी जंगलखात्याची बीटगार्ड नीलिमा, नव्या नंबरावरून बोलून राह्यली. सोमाजीभाऊ नाल्याकडं गेले का? त्यायले वापस बोलवा, तिकडं वाघ—"

"वा! नावं बी पाठ करून आली!" गिरजाबाईनं लाल बटण दाबलं. पुन्हा वाजला, पुन्हा दाबलं. मग वाजलाच नाही. आपल्या शहाणपणावर खूश होत ती फुलं पसरत राहिली.

तेवढ्यात नाल्याकडं वानर खेकसलं. थांबलं. पुन्हा खेकसलं. वाघ दिसला की वानर असं खेकसतं, हे कळायला तिला कुठला कार्यक्रम लागत नव्हता.

तिच्या फोनचा रिचार्ज संपलेला. आलेला घेता येई, लावता येत नसे. लंगडत ती शेजारच्या अख्तरीकडं गेली. "फोन दे वो! ह्यायले लावाचा हाय."

नंबर तोंडपाठ होता. अख्तरीनं लावला. आधी सरकारी बाई बोलू लागली : अनोळखी फोनपासून सावध राहा...

"बस कर वो माय," गिरजाबाई म्हणाली. पण त्या बाईनं सगळं सांगूनच सोडलं. मग रिंग गेली, आणि मध्येच तुटली.

"काटला," अख्तरी म्हणाली.

अख्तरीचा नंबर सोमाजीजवळ नव्हताच. भिंतीला भिंत लागलेली, एका हाकेत काम व्हायचं; नंबर कशाला लागतो? गिरजाबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. काटला, म्हणजे जिता हाय.

"आखीन लाव."

सरकारी बाई, पहिल्यापासून. रिंग. काटला.

"जनमात पह्यल्यांदा माहं ऐकून राह्यला," गिरजाबाई पुटपुटली.

नाल्याकडचं वानर एकाएकी गप्प झालं.

अख्तरीनं न सांगताच पुन्हा लावला. बाई बोलून संपली. रिंग गेली. वाजत राहिली, वाजतच राहिली. या वेळी लाल बटण कुणी दाबलं नाही.